पत्रिकेतल्या बदलाचं कारण

चुडाव्यात एखाद्या घरी लग्न ठरलं की दोन माणसांची झोप उडते. एक नवरीचा बाप आणि दुसरा स्टेशनरोडवर पत्रिका बनवून देणारा सुगत. नवरीचा बाप दत्तराव असले, तर सुगतच्या झोपेचं विचारूच नका.

दत्तराव रेल्वेत गँगमन होते. रुळाचा एक नट ढिला दिसला तर हातातला घास टाकून उठणारा माणूस. रिटायर झाले आणि ती नजर पत्रिकेवर आली. लेकीचं, मनिषाचं, लग्न गंगाखेडच्या पाहुण्यांकडं ठरलं आणि हे रोज दुकानात हजर. मी तिथल्या बाकावर फुकटचा पेपर वाचत बसलेलोच असतो, त्यामुळे मला सगळं आयतंच मिळालं.

“सुगत, आमच्या थोरल्या बन्सीधरदादाचं नाव वर घे. रुसलेत.”

दुसऱ्या दिवशी, “खाली घे रं. मामा रुसलेत.”

आणि मग, “पहिली होती तीच बरी. तीच काढ.”

पहिली कुठून काढणार? तीच खोडून तर नवी केलेली! सुगत रडकुंडीला आला.

तेवढ्यात दत्तरावांचा मुलगा सिद्धोधन पुण्याहून सुट्टीवर आला. कॉम्प्युटरमधला इंजिनिअर, सुगतचा शाळेपासूनचा दोस्त. “बाबा, तुमी याचा जीव घ्यायलात,” म्हणाला आणि सुगतच्या मशीनमध्ये त्यानं एक प्रोग्राम बसवला. पत्रिकेत केलेला प्रत्येक बदल त्यात वेगळा राहायचा. पडद्यावर एक उभी रेघ आणि रेघेवर स्टेशनांसारखे ठिपके. ठिपका निवडला की त्या वेळची पत्रिका जशीच्या तशी समोर. मेनू इंग्रजीत होता, सुगत त्याला बिचकायचा, म्हणून सिद्धोधननं तो आपल्या बोलीत करून दिला. ‘नुसतं उघडून बघा’, ‘फरक दाखवा’, ‘बंद करा’ आणि सगळ्यात खाली ‘जपून! इथवर मागं या’.

मी म्हटलं, “काय रे, एवढा मेनू केलास, त्यात चहा कुठंय?”

“तुमच्यासाठी ‘बंद करा’ ठेवलंय की, आजोबा.”

असं पोरगं.

त्या प्रोग्रामची एक अट होती. बदल का केला ते एका चौकोनात लिहायचं. चौकोन रिकामा ठेवला तर बदल जतनच होत नसे. मग काय, ‘दादा रुसले’, ‘मामा रुसले’, ‘दादा परत रुसले’. साऱ्या नातलगांची भांडणं ओळीनं पडद्यावर! मी पेपरच्या आधी ते वाचायचो.

एकदा सुगतनं दत्तरावांच्या वडिलांचं नाव चुकून स्वागतोत्सुकांच्या यादीत टाकलं. वडील जाऊन वर्षं झालेली. दत्तराव तापले. “मेलेला माणूस दारात उभा राहून स्वागत करतो काय रं?” ते नाव तिथून काढलं आणि बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तो ‘कालकथित’ शब्द लावून वर आशीर्वादाच्या जागी नेलं. कारण: ‘सुगतची चूक’. सिद्धोधन पोट धरून हसला होता.

अखेर पत्रिका ठरली. स्वागतोत्सुकांत पहिलं नाव सिद्धोधनचं. तो पुण्याला परतला. पत्रिका छापायला जायच्या आत, कामावरून घरी जाताना त्याच्या मोटारसायकलला टँकरनं उडवलं.

इथं माझ्याजवळ गंमत नाही.

लग्नाची तारीख तशीच निघून गेली. गंगाखेडचे पाहुणे भले, त्यांनी सबुरीनं घेतलं, दुसरी तारीख धरली. म्हणजे पत्रिका परत सुगतकडं आली, तीत नवी तारीख पडली. आणि दत्तरावांची बायको गीताबाई अडून बसली.

“माझ्या लेकराच्या नावाआधी तो शब्द लावायचा न्हाई. लावला तर ती पत्रिका माझ्या घरात येणार न्हाई.”

“आन् तसंच ठेवलं तर?” बन्सीधर म्हणाले. “मंडपात लोक त्याला हुडकतील, गीताबाई.”

दत्तराव उठले ते सुगतच्या दुकानात आले. मी पेपर घडी करून ठेवला. त्यांनी सुगतला तो मेनू उघडायला लावला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे दाब.”

“काका, हे न्हाई दाबायचं.”

“तो जिता होता तिथवर मागं ने म्हणतोय मी. लिवलंय न्हवं त्यानंच?”

“त्यानंच ‘जपून’बी लिवलंय, काका. मागं गेलं की पुढचं समदं जातं. नवी तारीख जाती. मनिषाचं लग्नच पुसतंय.”

बोट बराच वेळ तिथंच राहिलं. मग पडद्यावरून हळूच वर सरकलं. ‘नुसतं उघडून बघा’.

सुगतनं जुनी पत्रिका उघडली. दत्तराव वाकून एकच ओळ बघत राहिले.

“याची एक काढून दे. एकच.”

सुगतनं ती मोठ्या कागदावर छापून दिली. त्यांनी ती घडी न घालता बाकावर, माझ्याशेजारी ठेवली.

“आता नवीत तो शब्द घाल.”

सुगतनं सिद्धोधनचं नाव स्वागतोत्सुकांतून काढलं आणि वर आशीर्वादाच्या जागी, त्याच्या आजोबांच्या नावाखाली ठेवलं. नावाआधी शब्द टाइप केला. मग सवयीनं ‘फरक दाखवा’ दाबलं. गेलेली ओळ लाल, आलेली ओळ हिरवी. त्यानं घाईनं चौकोन रिकामाच सोडून जतन करून बघितलं. प्रोग्रामनं घेतलं नाही. सिद्धोधनच्याच शब्दांत खाली उमटलं, ‘आधी कारण सांगा’.

“काका, कारण मागायलंय.”

या माणसाजवळ आजवर प्रत्येक बदलाला कारण होतं. ते माझ्याकडं बघायला लागले.

“कारण न्हाई,” ते म्हणाले.

“काहीतरी लिवावं लागतंय, काका—”

“आरं, तेच लिव. कारण न्हाई.”

सुगतनं तसंच टाइप केलं. चौकोन मिटला. रेघेवर एक ठिपका वाढला.

पुढचं मनिषानं माझ्या सुनेला सांगितलं. दत्तराव घरी गेले, जुनी पत्रिका गीताबाईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “ही तुझी. गावाला दुसरी जाईल.” मनिषानं ती वाचून दाखवली. स्वागतोत्सुकांत भावाचं नाव आलं, तेही तिनं वाचलं आणि पत्रिका शेवटपर्यंत वाचली.

गीताबाई म्हणाली, “अवो, पर तारीख तर होऊन गेली की ही.”

“व्हय,” दत्तराव म्हणाले. “तारीख तेवढी चुकलीय म्हणायचं.”