डाळिंबी काठ

रुपराव डोंगरे यांनी तीस वर्षांत किती जणांच्या अंगावर कोट चढवले असतील, याचा त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात ओमप्रकाशच्या कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांची दोन मशिनं होती. लग्नसराईत सिंधी नवरदेवांची तिथं रांग लागायची. माणूस चार पावलं चालत आला की त्याचा कोणता खांदा उतरता आहे ते रुपरावांना कळायचं, आणि तो उतार कोटात कुठं लपवायचा तेही. स्वतः मात्र पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. कोट ही लोकांना घालायची वस्तू होती.

चौऱ्याहत्तर साली मुंबईहून पोरीचं पत्र आलं. पुष्पलता एका परदेशी विमान कंपनीच्या बुकिंग कचेरीत नोकरीला होती. तिनं लिहिलं होतं : ‘बाबा, आमच्याकडे नोकरांच्या आईवडिलांना पास मिळतो. मी तिघांचा काढला आहे, मुंबई ते कोलंबो. तिथून रेल्वेनं अनुराधपूर. आईला बोधिवृक्ष दिसेल. पुढच्या वर्गात जागा रिकामी असली तर आपल्याला तिथं बसवतील. पण पासवर बसणाऱ्यानं नीटनेटकं दिसायला हवं असा नियम आहे. पुरुषांना कोट-टाय, बायकांना साडी. रबरी चपला चालत नाहीत.’

रुपरावांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. त्यांची बायको मीराबाई समोर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. वळता वळता त्यांचे हात थांबले. ही बाई ताप अंगावर घेऊनही बिड्या वळायची, म्हणून रुपरावांनी पत्रातून मान वर काढून पाहिलं.

“खरंच तेच झाड होय का जी?” मीराबाईंनी विचारलं. “गयेच्या झाडाची फांदी नेऊन लावली म्हणतात, तेच?”

“तेच तं लिहिलं हाये पोरीनं.”

“मग मी पांढरं लुगडं नेसीन.”

हे लुगडं रुपरावांना ठाऊक होतं. छप्पन साली दीक्षेला जाताना मीराबाईंनी ते घेतलं होतं, चार वर्षांची पुष्पा कडेवर होती. कुहीकडच्या माहेरच्या बायका पायी आल्या होत्या, साऱ्या पांढऱ्यात. त्यानंतर ते लुगडं वर्षातून दोनदा पेटीतून निघायचं, दसऱ्याला आणि बुद्धपौर्णिमेला. धुतलं की मीराबाई ते दोरीवर टाकायच्या नाहीत, हातावर धरून वाळवायच्या.

रुपराव स्वतःच्या कोटाला लागले. राखाडी रंगाचं कापड, आतून सॅटीनचं अस्तर. ओमप्रकाश गल्ल्यावरून मजा बघत होता.

“क्या मास्टर, हवाई जहाज में बैठना है के घोडी पे?”

“नियम हाये गा त्यायचा.”

“और भाभीजी?”

“ते पांढरं लुगडं नेसतो म्हणते.”

ओमप्रकाश गुजराथी पेढीवाल्यासारखा मांडी घालून बसला होता, तो हसून हसून लोडावर कलंडला. “सफेद? फस्टकिलास में? अरे मास्टर, बाजूवाले समझेंगे बेवा है! तुम उसके बाजू में बैठे रहोगे, और लोग पूछेंगे, बाई, मालक कब गुजर गए?”

रुपरावही हसले. पण ती गोष्ट कापडात राहिलेल्या टाचणीसारखी त्यांना टोचत राहिली. त्यांना ती जागा दिसू लागली, रुंद खुर्च्या, सुटाबुटातली माणसं, आणि त्यांच्या नजरा. बाईकडे बघून मग त्यांच्याकडे बघणाऱ्या. तीस वर्षं ज्यांची मापं गुडघ्यावर बसून घेतली, तीच माणसं. त्यांच्यासमोर एकदा तरी उभं राहताना काही कमी असू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी मीराबाईंना सांगून पाहिलं. रेशमी घे, मी आणतो. मीराबाई म्हणाल्या, “रेशीम नेसून मी कोणाले भेटू?” आणि बिडीचं पान कापायला घेतलं.

तेव्हा रुपरावांनी शिंप्याची अक्कल चालवली. मीराबाई विहारात गेल्या होत्या त्या दुपारी पेटीतून लुगडं काढून दुकानात नेलं. ओमप्रकाशकडून डाळिंबी काठाची पट्टी घेतली आणि नऊ वार लुगड्याला दोन्ही बाजूंनी बसवली. घाई होती. कोट शिवायची जाड सुई मशीनला तशीच होती, ती बदलायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. काम झाल्यावर घडी घालून पाहिली. सुरेख दिसत होतं. मीराचं पांढरं राहिलं आणि आपलंही राहिलं, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी कौतुक ऐकायच्या तयारीनं त्यांनी घडी तिच्या पुढ्यात ठेवली.

मीराबाईंनी घडी उलगडली. बराच वेळ काठावरून हात फिरवला. मग पानं कापायची कात्री घेतली आणि एकेक टाका उसवू लागल्या.

“अवं, काय करून राहिली? किती मेहनत केली मी.”

“मले विचारलं होतं?”

“लोक काय म्हणतीन, म्हून...”

“कोणते लोक जी?” त्यांनी मान वर केली नाही. “त्या दिवशी मी हे नेसली तवा कोणाले विचारलं नाई. तुमालेबी नाई. जिंदगीत तेवढं एकच काम मी कोणाले न विचारता केलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या उसवत होत्या. पट्टी सोडवून तिची नीट गुंडाळी करून त्यांनी रुपरावांना परत दिली.

“तुमी जा,” त्या म्हणाल्या. “पोरीनं पास काढला, वाया नोको जाऊ.”

रुपरावांना वाटलं, निघायच्या दिवशी येईल. आली नाही. स्टेशनकडे जाणारी रिक्षा मागं वळून पाहण्याइतकीही हळू गेली नाही.

विमानात पुढच्या वर्गात जागा मिळाली. रुपराव टाय सावरत आत शिरले तेव्हा एक हवाई सुंदरी हसत पुढं आली आणि हात पुढं करून काहीतरी म्हणाली. पुष्पलतेनं समजावलं, “बाबा, कोट मागते. टांगून ठेवतात.” अकरा दिवस शिवलेला कोट एका कपाटात गेला. रुपरावांनी आजूबाजूला पाहिलं. एक गोरा बूट काढून मोज्यांवर बसला होता. दुसऱ्यानं बाह्या दुमडल्या होत्या. पलीकडं एक म्हातारी मेम झोपली होती, तोंड उघडं टाकून. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. तिथं बघण्याची कोणाला गरजच नव्हती, ती गरज खालच्या लोकांना असते. शेजारची रुंद खुर्ची सबंध प्रवासभर रिकामी होती. तिच्या पट्ट्याचं बक्कल कोणीतरी आधीच लावून ठेवलं होतं.

अनुराधपूरला ते पोचले तो पौर्णिमेचा दिवस होता. फाटकातून आत गेल्यावर रुपराव जागीच उभे राहिले. झाडाखाली, पायऱ्यांवर, वाळूत, जिथं नजर जाईल तिथं बायका बसल्या होत्या, आणि एकूण एक पांढऱ्यात. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, शाळेतल्या पोरी. त्या सगळ्यांत डोळ्यांत भरणारं एकच माणूस होतं, राखाडी कोटातलं. उन्हात त्यांना घाम फुटला होता, पण कोट काढून ठेवायला तिथं कपाट नव्हतं.

“आई इथं दिसलीच नसती, बाबा,” पुष्पलता म्हणाली. “इतकी मिसळून गेली असती.”

रुपराव वाकले. खाली पडलेलं एक पान त्यांनी उचललं.

नागपूरला परत आल्यावर मीराबाईंनी चहा दिला, पान हातात घेतलं, कपाळाला लावलं. मग बिड्यांचं सूप जवळ ओढत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तिथच्या बाया काय नेसतात जी?”

रुपरावांना उत्तर ओठावर आलेलं जाणवलं. ते बोललं की त्या झाडाखालची हिची जागा आपणच शिवून बंद केली, हेही बोलावं लागणार होतं.

“रंगीत,” ते म्हणाले. “आपल्या इकडल्यासारखंच.”

“असंन,” मीराबाई म्हणाल्या आणि बिडीचं पान कापू लागल्या.

पुढच्या वर्षी पुष्पलतेचं लग्न झालं, तिनं नोकरी सोडली आणि पासही गेला. रुपरावांनी तो कोट ओमप्रकाशच्या भावाला देऊन टाकला. त्याचा डावा खांदा उतरता होता, तरी कोट त्याला बसला. खरं सांगायची वेळ रोज येत होती आणि रोज ते मशीनवर वाकून बसत होते. खरं आजही सांगता येईल, असं अकरा वर्षं वाटत राहिलं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मीराबाई गेल्या. वस्तीतल्या बायका जमल्या, त्यांनी पांढरं कापड मागितलं. रुपरावांनी पेटी उघडली. लुगड्याच्या घडीत ते पान होतं, जाळी झालेलं. पुष्पलता त्यांच्याजवळ येऊन बसली.

“आईला मी तेव्हाच सांगितलं होतं, बाबा. दिवाळीला आले तेव्हा. तिथं सगळ्या पांढऱ्यातच होत्या म्हणून.”

“मंग? काय म्हणे?”

“म्हणाली, तुझ्या बाबाले नोको सांगू मले समजलं म्हून. त्यायले तरास होईन.”

रुपरावांनी लुगडं मांडीवर घेतलं. कडेनं भोकांची ओळ सरळ गेली होती, शेवटपर्यंत. जाड सुईनं सूत तोडलं होतं. अकरा वर्षांच्या धुण्यानंही ती बुजली नव्हती. टाके एकसारखे पडले होते, एकही वाकडा नव्हता.

“मास्टर,” दारातून एका बाईनं विचारलं, “कोणती बाजू वर घ्याची?”

“कोणतीबी घे वं,” ते म्हणाले. “दोन्हीकडून मीच शिवलं होतं.”