अक्काचं फूल

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी फाल्गुन लागला की मला तिचं अंगण पाहिजे असतं. तिच्या अंगणात मोगरा होता, झेंडू होता, पण मला आठवतं ते अक्काचं फूल. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती पुण्याहून आली, तेव्हा तिच्या पिशवीत बियांचं एक पाकीट होतं. त्यावर झालरीच्या कडेच्या लालभडक फुलाचं चित्र होतं. कार्नेशन. पुण्यातल्या तिच्या खोलीत ऊन म्हणून येत नव्हतं, म्हणून तिनं पाकीट मायच्या हातात दिलं. "माय, तू लाव. फुललं की मी येते, मग आपण दोघी मिळूनच वास घेऊ."

"व्हय," माय म्हणाली, "तवर मी नाक लावत न्हाई."

झालं! बोलण्यात बोललेली गोष्ट, पण आमच्या मायनं ती पदराला गाठ मारून ठेवली.

बी काळं, बारीक, कांद्याच्या बियासारखं. मायनं ते राखेत मिसळून टोपल्यात पेरलं. निळसर, बारीक पानांची रोपं वर आली, जरा मोठी झाली, की बाईनं एकेकाचा शेंडा मोडायला सुरुवात केली. शेजारीण धावत आली. "अवं, एवढं नाजूक झाड, मोडून काहून राहिल्या?" सेनगावच्या बाजूला सगळा जन्म हरभरा खुडण्यात गेलेली माझी माय. ती म्हणाली, "शेंडा खुडल्याबिगर हरभरा तरी फुटतो का? मग हे कोण लागून गेलंय?" हरभऱ्यासारखंच तिनं पुन्हा पुन्हा खुडलं. झाडं गच्च फुटली, पण कळ्या लांबल्या. फुलं आली ती थेट फाल्गुनात.

फाल्गुनात अक्काला कुठलं यायला जमतंय? त्या वर्षी तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. पुढं पोराची शाळा, मग त्याच्या परीक्षा. सासुरवाशीण लेक यायची ती दिवाळीला न् मे महिन्यात. दिवाळीला तिला रिकामं टोपलं दिसायचं, मे महिन्यात नुसत्या काड्या. एका वर्षी मायनं शेंडे न खुडता बघितलं, तर फुलं माघात आली. दिवाळीपर्यंत फुलावं म्हणून उरलेलं बी आषाढातच पेरलं, तर पावसानं रोपं कुजली. मे महिन्यापर्यंत टिकावं म्हणून वर ओलं पोतं बांधलं, तरी आमच्याकडचं ऊन ते, चैत्रातच सगळं करपलं. अक्का हळहळायची, जाताना रडायची, न् पुढच्या दिवाळीला पुन्हा नवं पाकीट घेऊन यायची.

तोवर मला जवळच्याच गोरेगावात दिलं होतं. बाजाराच्या दिवशी जीपनं मी मायकडं जायची. झाडांना पाणी कोण घालणार? मी. शेरडं कोण हाकलणार? मी. एकदा म्हटलं, "माय, मला तरी घेऊ दे वास. मी काय तुझ्या पोटची न्हाई?" तर म्हणते, "तू जवळ हाईस की बाई, तुला काय कमी?" वा रे न्याय! जवळच्या लेकीला कळशी न् लांबच्या लेकीला फूल. मला राग यायचा, खरंच यायचा. मग मीही ठरवलं, राहू दे तुमचं तुमच्यापाशी, आपणही नाक लावायचं नाही. लांबून वास यायचा प्रश्नच नव्हता. बाजूलाच शेरडं बांधलेली, त्यांच्या वासापुढं त्या फुलाचं काय चालतंय?

फुलं सगळी देवाला जायची. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, त्यामुळं मायचं सोपंच झालं होतं. हात लांब करून, तोंड फिरवून फूल तोडायची. बघून हसू यायचं.

मग एका पावसाळ्यात ती तापानं महिनाभर अंथरुणावर पडली. बरी झाली, हिंडू-फिरू लागली. एके दिवशी मी गेले तर घरभर करपल्याचा वास, न् चुलीपुढं माय शांत बसलेली.

"माय, दूध लागलं की गं!"

"लागलं? काहून कळलं न्हाई मला?"

तिनं हिंगाची डबी काढली, नाकाशी धरली. मग माझ्याकडं बघितलं. मला एकदम रडू आलं. ती म्हणाली, "अक्काला सांगू नको." दवाखाने झाले, काढे झाले, पण गेलेला वास काही परत आला नाही. त्या दिवाळीनंतरही तिनं अक्काचं बी पेरलंच, शेंडेही खुडले.

पुढं अक्काचा पोरगा शिकायला होस्टेलवर गेला, न् अक्का एकदाची फाल्गुनात आली. पिशवी ओसरीवर टाकून तशीच अंगणात धावली. लाल फुलांनी झाडं लवली होती. तिनं एक फूल तोडून मायपुढं धरलं.

"तू आधी घे," माय म्हणाली.

अक्कानं डोळे मिटून वास घेतला. "अगंबाई, लवंग! माय, याला तर लवंगेचा वास येतोय!" न् फूल मायच्या नाकाशी धरलं. मायनं छाती भरून श्वास ओढला. मला तिच्याकडं बघवेना, मी शेरडांपुढं पाला टाकत राहिले.

"व्हय," माय म्हणाली. "लवंगच."

मग तिनं अक्काला हाताला धरून शेजारी बसवलं. "अजून एकदा घे न् सांग बरं मला, कसा येऊन राहिला?"

अक्का हसली न् पुन्हा सांगू लागली. माय तिच्या तोंडाकडं बघत ऐकत होती.