कॉलेजसमोर न थांबणारी बस

बस आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरून जायची, पण थांबायची नाही. मी मोहगावची. रोज सकाळी सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसनं यायची. पांढुर्ण्याची वस्ती लागण्याआधी खिडकीतून कॉलेज दिसायचं. आम्ही पोरी बॅगा सावरत उभ्या राहायचो आणि कंडक्टर न बघताच म्हणायचा, "बसा वो बाई, स्टॉप नाही इथं. स्टँडवर उतरा." मग स्टँडवर उतरून आल्या रस्त्यानं तेवढंच अंतर पायी परत.

त्या रस्त्यावर चालायला जागाच नव्हती. कॉलेजच्या बाजूनं उघडा नाला. म्हणून सगळे दुसऱ्या बाजूनं चालायचे आणि फाटकासमोर डिव्हायडरला कट होता तिथून रस्ता ओलांडायचे. संत्र्याच्या हंगामात गोदामांसमोर ट्रक आणि पिकअप ओळीनं उभे असत. त्यांना वळसा घालायचा म्हणजे डांबरावर उतरायचं, आणि डांबरावर उतरलं की मागून येणारी गाडी ओढणीला वारा घालून जायची.

पहिल्याच वर्षी स्टँडबाहेर एक मुलगी सायकल थांबवून मला म्हणाली, "तू आमच्या वर्गात आहे ना? चाल, बस मांगं. पायी कायले मरून राहिली?"

ती सावरगावची, जाम नदीच्या पलीकडची. सायकल तिला नववीत शाळेतून मिळालेली. तिचं घर ते कॉलेज हा रस्ता ती कुणालाही न घाबरता कापायची. मी कॅरियरवर बसायची आणि ती पॅडल मारता मारता आदल्या दिवशीचं गणित मोठ्यानं सोडवत जायची. चढ आला की गणित अर्धवट थांबायचं, उतारावर पुढं सुरू व्हायचं. तिला गणिताचीच शिक्षिका व्हायचं होतं. वर्गात सर फळ्यावर अडले की तिच्याकडे बघायचे.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी गोदामांजवळ सायकल पंक्चर झाली. आम्ही उतरून चालू लागलो. कडेला ट्रक उभा होता, त्यात संत्र्यांचे कॅरेट चढवणं चाललं होतं. ती सायकल ढकलत रस्त्याच्या बाजूनं, मी आतल्या बाजूनं, ट्रकला लागून. मागून एका बसला ओव्हरटेक करत एक पिकअप आला. मला त्याचा हॉर्न ऐकू आल्याचं आठवत नाही. सायकल माझ्या अंगावर आदळली आणि मी ट्रकच्या चाकाशी पडले. उठले तेव्हा ती रस्त्यावर बसलेली होती. आडवी नाही, बसलेली. तिच्या डाव्या पायाकडे मी एकदाच पाहिलं.

"माही चप्पल कुठी गेली पाह्य ना," ती म्हणाली. "नवी होती."

हमालांनी तिला उचलून ऑटोत घातलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती पुन्हा पुन्हा चपलेचंच विचारत होती. पांढुर्ण्याहून तिला नागपूरला नेलं. तिथं पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

कॉलेजची पोरं दोन दिवस रस्त्यावर बसली. तहसीलचे एक साहेब आले. फुटपाथ करू, दिवे लावू, फाटकासमोर बसथांबा देऊ, असं सगळं बोलले. टाळ्या वाजल्या. त्यानंतर झालं ते एवढंच की सुरक्षेसाठी म्हणून डिव्हायडरमधला कट सिमेंटचे ठोकळे लावून बंद केला. त्या दिवसापासून पोरी सलवार सावरत डिव्हायडरवर चढून पलीकडे उड्या मारू लागल्या.

काही महिन्यांनी ती परत आली, नकली पाय आणि काखेत कुबडी घेऊन. तिचा भाऊ तिला मोटारसायकलनं सोडायचा. मग त्याला सौंसरकडे एका कंपनीत काम लागलं आणि तो पहाटेच निघू लागला. ऑटोवाले गोदामापर्यंतच यायचे. तिथून आम्ही दोघी चालायचो. डिव्हायडरवर तिला चढता येत नव्हतं, म्हणून फाटक समोर दिसत असताना आम्ही ते मागं टाकून पेट्रोल पंपापर्यंत जायचो, तिथून वळून नाल्याच्या काठाकाठानं परत यायचो. ती कुबडी कुठं टेकवायची तेवढंच बघायची. गणित बंदच झालं होतं.

दुपारी ती बाथरूममध्ये पाय काढून बसायची. मी पाण्याची बाटली घेऊन दाराशी. एकदा तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "तूच पाह्य, मले पाहवत नाही." कापलेल्या जागेची कातडी सोलवटून आत लाल झालं होतं. मोजा चिकटला होता. मी पाणी घालत घालत तो सोडवला.

मग तिच्या बाबूजींनी तिचं कॉलेज बंद केलं. मी तिच्या घरी गेले होते तेव्हा ते अंगणात मान खाली घालून म्हणाले, "जीव वाचला बाई, तेवढंच पुरे. त्या रस्त्यानं मी तिले आता नाही धाडत." ती आतून ओरडली, "बाबूजी, खोट रस्त्यात आहे, माह्यात नाही, त्याले दुरुस्त करा ना!" पुढं तिनं घरी बसून बी.ए. केलं. घरी बसून गणित घेता येत नव्हतं.

मी नागपूरला एम.एस्सी. करून त्याच कॉलेजात अतिथी विद्वान म्हणून, म्हणजे तासांवर शिकवायला, लागले. येणं त्याच बसनं, आणि बस अजूनही थांबत नव्हती. एक दिवस स्टँडवरून चालत आले तर फाटकाशेजारी, नाल्याच्या कडेला, पत्र्याची टपरी. आत झेरॉक्सची मशीन आणि मशीनमागं ती. तीन चाकांची स्कूटर तिनं शिकून घेतली होती.

"मॅडम झाली म्हणे तू," ती म्हणाली. "मंग अजून पायीच येऊन राहिली?"

दुसऱ्या दिवशी आमची बस कॉलेजजवळ आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. ती कुबडी आडवी धरून रस्त्याच्या कडेवर उभी होती.

"मरता का बाई!" ड्रायव्हर ओरडला.

"एकदा मरून पाह्यलं," ती म्हणाली. "आता या पोरींले उतरू द्या."

आम्ही उतरलो. ती रोज उभी राहू लागली. पहिल्यांदा ड्रायव्हर शिव्या घालायचा, मग नुसता मान हलवायचा, मग ती दिसली की आपणच गाडी हळू करायचा. बाकीच्या गाड्याही थांबायला लागल्या. कागदावर तिथं स्टॉप कधीच नव्हता. पण मोहगावच्या, सौंसरच्या पोरी फाटकाशी उतरत होत्या.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर कॉलेजात रस्त्याबद्दल बैठक झाली. मी तिला बोलावून घेतलं. ती उभी राहून म्हणाली, "नाला झाका आणि त्याच्यावर फुटपाथ करा. लेकरांले डिव्हायडर चढा नाही लागणार." बैठकीला आलेल्या साहेबांनी मान डोलावली. आणि या वेळी खरंच काम निघालं.

जेसीबी आला त्या सकाळी मी वर्गात होते. आवाज ऐकून बाहेर धावले. टपरी फुटपाथच्या जागेवर येत होती. ती दारात उभी होती, मशीनवर चादर टाकलेली.

"साहेब, हा फुटपाथ मीच मांगितला होता," ती सांगत होती.

"मग तुम्हीच अडवून काहून राहिल्या?" जेसीबीसोबत आलेला माणूस म्हणाला. तो रागावलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

ती बाजूला झाली. भाऊ मशीन गाडीत घालून घेऊन गेला. पत्रे वाकून नाल्यात पडले.

फुटपाथ झाला. अर्ध्यापर्यंत नीट आहे. पुढं ट्रान्सफॉर्मर मध्ये येतो, दोन फरशा खचल्यात, आणि हंगामात पिकअपवाले दोन चाकं त्यावर चढवून गाड्या उभ्या करतात. टपरी गेल्यापासून ती येत नाही, आणि बसही थांबत नाही. मी हात दाखवून उभी राहून पाहिलं. ड्रायव्हर नवा होता, त्यानं गाडी बाजूनं काढली. प्राचार्यांनी वर कळवलं आहे.

दिवाळीत मी सावरगावला गेले. ओसरीत ती चार-सहा लेकरांची शिकवणी घेत होती. पाय काढून बाजूला ठेवलेला.

"फुटपाथवरून पोरी चालून राहिल्या ना?" तिनं विचारलं.

"अर्ध्यापर्यंत."

तिनं एका लेकराची पाटी आपल्याकडे ओढली, उत्तर पुसलं, आणि म्हणाली, "परत कर."

मोहगावच्या दोघी या वर्षी कॉलेजला आल्याच नाहीत. एकीच्या वडिलांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "बस कॉलेजच्या दारात थांबत होती तोवर धाडली मॅडम. आता स्टँडवरून पायी नाही धाडत." हे मी तिला सांगणार होते. चहा झाला, लेकरं पाढे म्हणू लागली, आणि मी न सांगताच उठले.