लाल मातीची रेषा

माझे बाबा मिरजोळ्याच्या पुढे जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे ते पापण्यांपर्यंत लाल होऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि तीही फिजिक्सला. कोणी विचारलं, "मुलीच्या जातीला हे कशाला?" तर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे चालू लागे. तिथली भट्टी बंद करायची वेळ झालेली असायची.

रत्नागिरीच्या कॉलेजात मी लँथनम, कॅल्शियम आणि मँगनीज यांचं एक ऑक्साइड बनवत होते. अकीक दगडाच्या खलात पावडर घोटायची, वड्या दाबायच्या, भट्टीत भाजायच्या, फोडून परत घोटायची. तपासायचं यंत्र मात्र मुंबईच्या एका संस्थेत. पावडरची नळी तिथे मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये ठेवायची, तिच्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा. ठरावीक जोराला आतले इलेक्ट्रॉन लहरी गिळतात आणि कागदावर रेषा उठते. पदार्थाचं चुंबकत्व त्या रेषेवरून वाचायचं.

द्रव नायट्रोजनने थंड केल्यावर माझ्या पावडरीने एकीऐवजी दोन रेषा दिल्या. माझं म्हणणं, एकाच वडीत काही भाग चुंबक झालाय, काही अजून नाही. सगळा प्रबंध त्या दुसऱ्या रेषेवर उभा राहणार होता.

यंत्र सांभाळणारे सर हसले. "ही दुसरी रेषा लोखंडाची आहे. तुमच्याकडची लाल माती पडलीय यात. असं करा, तुम्ही आंबे आणत जा, सॅम्पल आम्ही इथे बनवू." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "स्वच्छ करून आणा पुन्हा."

पुन्हा करायचं म्हणजे पहिलं घाण होतं हे कबूल करायचं. मी नाही केलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, "खाणीतली मूठभर माती आणा."

"मुंबईत माती मिळत नाय काय गो?"

"आपलीच हवी. तिच्यावर आळ आलाय."

"मातीवर?" बाबा खो खो हसले. "ने बाय, ने. होऊ दे कोर्टकचेरी."

पुढच्या खेपेला मी दोन नळ्या घेऊन गेले. एकीत तीच जुनी पावडर, दुसरीत खाणीची माती. थंडीत मातीची रेषा उठली ती जवळजवळ माझ्या दुसऱ्या रेषेच्याच जागी. सरांनी चष्मा पुसला. म्हणजे सरांचंच खरं ठरत होतं, पण मी उठले नाही.

"आता तापवत न्या," मी म्हटलं. "दोन्ही."

त्यांना घाई होती, तरी त्यांनी तापवलं. माझी दुसरी रेषा हळूहळू बारीक झाली, सरकली आणि पहिलीत मिसळून गेली. मातीची रेषा होती तिथेच बसून राहिली. भेसळ असती तर माझी रेषाही अशीच बसली असती. ऊब लागताच चुंबकपण सोडून देणारा पदार्थ माझा होता.

सरांनी दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडात पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. आणि आंबे?"

"ते बाजारात मिळतात, सर."

प्रबंधातून मातीचा आलेख काढून टाक, लोक हसतील, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी तो पानभर मोठा छापला. खाली लिहिलं : जांभ्याची माती, चिरेखाण, रत्नागिरी.