माझ्या वाटचे दोन ट्राउट

आई गेली आणि मी बाबांना साउथहॅम्प्टनला आणलं. इथे त्यांनी जेवणच टाकलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, म्हणाली, वजन असंच उतरत राहिलं तर कठीण आहे, त्यांना आवडेल ते द्या. बाबांना आवडायचं ते एकच: खाडीवर बसून मासा गरवायचा आणि स्वतः साफ करून खायचा. सुपरमार्केटातला मासा बघून ते म्हणाले, "हा मेला कधी, याची तरी कुणाला आठवण आहे का?"

मग मी शहराबाहेर ट्राउट माशांचं एक तळं शोधून काढलं. लायसन्स काढली, दोघांची तिकिटं घेतली. तिकिटावर नियम होते: दोनच मासे, धरलेला परत सोडायचा नाही, दोन झाले की थांबायचं. सगळं वाचलं हं मी. समजलं किती, ते पुढे येतंच.

गरीच्या पहिल्या फेकीत मी स्वतःचा स्वेटर धरला, दुसरीत मागचं झुडूप.

"रॉड असा धरतात होय रे? झाडू आहे का तो?" आई गेल्यापासूनचा बाबांचा हा पहिला टोमणा. मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी बघता बघता दोन ट्राउट काढले आणि रॉड खाली ठेवला. "झाले ना दोन?"

"मारा हो बाबा! माझ्या वाटचे दोन आहेत की."

आमच्या गावी मासा घराचा असतो. कुणाच्या गरीला लागला, हे कुणी विचारत नाही. बाबांनी आणखी दोन काढले.

तेवढ्यात तळ्याचा राखणदार आला. पिशवीत डोकावून म्हणाला, "दोघांचे दोन-दोन? छान!"

इथे गप्प बसायचं की नाही? पण मी बापाच्या कौतुकाने फुगलेलो. "छे हो, चारही वडिलांचे! मला कुठले मिळतायत!"

त्याचं हसू गेलं. "लिमिट ज्याचं त्याचं असतं, फॅमिलीचं नाही. तुझे दोन तूच धरायचे." त्याने पिशवीतून दोन मासे काढून घेतले आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. पलीकडच्या काठावरचे लोक बघत होते.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "चोर म्हणाला का?"

"नाही हो. चूक माझी होती. मीच मारा म्हटलं ना तुम्हाला."

"पण पिशवी माझ्या हातात होती."

घरी त्यांनी सुरी हातात घेतली नाही. उरलेले दोन मासे मीच साफ केले, त्यात पित्त फोडलं. कडू तुकडा त्यांनी तोंडात घातला, गिळला आणि ताट सरकवलं.

"बाबा, दुसरं तळं आहे. नियम नीट विचारून घेतो."

"नको. माझं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं मिळतं का, तेवढं बघ."

मिळालं. विमानतळावर त्यांना चालवेना, त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागावी लागली.