मोठीमायचं गाणं, गावासकट

घाटंजीच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली आणि माझी मोठीमाय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, चक्क गाऊ लागली. कापूस वेचता वेचता तिनं माझ्या विलायतेला जाण्यावर गाणं रचलं होतं. रीतीप्रमाणे आधी सांगितलं, "गानं जोडनार कौसल्याबाई, गाव घाटंजी," आणि मग सूर लावला. आपला कापूस साहेबाच्या देशी गेला नि कापड होऊन आला, आता लेक चालली, तिनं लेकच होऊन यावं, असं ते गाणं. मी आईच्या खांद्यावर मनसोक्त रडून घेतलं.

आमच्या बौद्धवाड्यातल्यांना ही रीत सांगायला नको. जयंती असो की बारसं, रचणारीचं नाव-गाव आधी सांगायचं. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना आठवतं का?

लीड्सला साहित्य शिकले, आता तिथंच शिकवते. तिथल्या लायब्ररीत जुन्या गोऱ्या साहेबांनी वऱ्हाडातून गोळा केलेल्या गाण्यांची पुस्तकं सापडली. कव्हरवर साहेबाचं नाव हुद्द्यासकट, आत गाणारी एकही नाही. डोक्यात तिडीक गेली.

गेल्या वर्षी स्थलांतराच्या कवितांचा एक मोठा संग्रह निघायचा होता. मोठीमायच्या गाण्याचा माझा अनुवाद त्यांनी घेतला. प्रूफं आली, तर खाली छापलेलं, 'अनामिक, भारतीय लोकगीत'. संपादकबाई गोड आवाजात म्हणाल्या, लोकगीताला कवी नसतो, तेच त्याचं सौंदर्य. मी सांगितलं, कवयित्री जिवंत आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि तिचं नाव-गाव येणार नसेल तर मी गाणं परत घेते. नोकरी नवीन होती, असा संग्रह पुन्हा वाट्याला आला नसता. उत्तर येईपर्यंत घास गोड लागला नाही. शेवटी बाई तयार झाल्या.

पुस्तक घेऊन मीच गावी गेले. ओट्यावर बसून मोठीमायला एकेक नाव वाचून दाखवलं. जर्मन, फ्रेंच, इंग्रज, आणि मग कौसल्याबाई, घाटंजी. माझा ऊर भरून आला होता. तिनं मात्र भुवया आक्रसल्या.

"माह्यं गाव लिवलं, बरं केलं बाई. पन हे बाकीचे बिनगावाचे हायेत काय?"

तेव्हापासून वर्गात कुठलाही कवी शिकवायला घेतला की मी आधी त्याचं गाव विचारते, मग तो युरोपातला कितीही मोठा असो. मुलांना ते शोधावं लागतं. माझं गाव कुणी विचारलं, तर मला शोधावं लागत नाही.