गोठ्यातलं बारसं

आमच्या दौंडच्या शाळेत येशूचं बारसं व्हायचं, असं सांगितलं की ख्रिस्ती ओळखीचे हसतात आणि आमचे पाहुणे ‘कायतरीच’ म्हणून विषय बदलतात. पण व्हायचं. पाळणा, घुगऱ्या, सगळं रीतसर.

शाळा सिस्टरांची. रेल्वेच्या जुन्या जमान्यात गार्ड-ड्रायव्हरांच्या मुलांसाठी सुरू झालेली. त्यातली बरीच ख्रिस्ती घरं पुढे पुण्या-मुंबईला गेली आणि बाकांवर आम्ही येऊन बसलो. उसवाल्यांची, दुकानदारांची, बौद्ध वस्तीतली, कारखान्यांत कामाला आलेल्या बिहारी घरांतली पोरं. सकाळी प्रार्थना सगळे एका सुरात म्हणायचो आणि मधल्या सुट्टीत एकमेकांचे डबे पळवायचो. मी भांडगावची. शाळेसाठी मला दौंडला थोरल्या काका-काकूंकडे ठेवलं होतं. काका रेल्वेत आणि काकू आमच्याच शाळेत मावशी. वर्ग झाडायची, घंटा द्यायची, पडलेल्या पोरांच्या गुडघ्याला हळद लावायची. शाळेत मीही तिला मावशीच म्हणायचं, असा तिचा हुकूम होता.

नाताळचा गोठा नववीने करायचा, ही तिथली जुनी पद्धत. आमच्या वर्षी पोरांनी खरा कडबा आणला, शेणाने जमीन सारवली आणि पुठ्ठ्याच्या गाईची जागा बदलली, कारण तिची शिंगं बाळाकडे होती. मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या. त्या हे सगळं कौतुकाने बघत होत्या. तेवढ्यात एका मुलीने त्यांना विचारलं, बाळ जन्मलं खरं, पण बारसं कधी? सिस्टर म्हणाल्या, बारसं आमच्यात नसतं, पण तीन राजांच्या सणापर्यंत बाळ इथेच असतं, म्हणजे साधारण बारा दिवस. बारा दिवस म्हटल्यावर आम्ही कशाला सोडतोय?

सिस्टरांनी फादरांना विचारलं. फादर म्हणाले, नाव तर ठेवलेलंच आहे, पण घुगऱ्यांना माझी हरकत नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, तर आत्या व्हायला सिस्टर स्वतः तयार झाल्या. नाव सांगून झालं की पोरं आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे मात्र आम्ही त्यांना सांगितलं नाही.

घुगऱ्या काकू करणार हे न बोलताच ठरलं. हरभरे शिजवावेत ते तिनेच, असं आमच्या भावकीत म्हणायचे. म्हणणारच. भावकीतल्या प्रत्येक बारशाला ती चुलीपाशी असायची. तिला मूल झालं नव्हतं, आणि पाळण्यात बाळ घालायला लेकुरवाळ्या बायका लागतात. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतपणाला दौंडला काकूकडेच होती. त्याला रोज तेल लावून न्हाऊ घातलं ते काकूने, पण बारशाला पाळण्यापाशी ती नव्हती. काकू कुठंय म्हणून मी आईला विचारलं, तर आई म्हणाली, तिला काम हाय. ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

शाळेतल्या बारशाला आया आल्या होत्या. माझी आईही भावाला घेऊन भांडगावहून आली. कुणीतरी घरचा लाकडी पाळणा आणून गोठ्यापाशी टांगला होता. आमच्याकडे पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि बाळाला पाळण्याखालून, वरून एकमेकींच्या हातात देतात. आया पुढे सरसावल्याही होत्या. पण सिस्टरांनी गव्हाणीतलं प्लास्टरचं बाळ उचललं आणि त्या सरळ दाराकडे गेल्या. तिथं काकू घुगऱ्यांचं पातेलं उतरवून पदराला हात पुसत होती.

“मावशी, बाळ तुम्ही घाला पाळण्यात.”

काकू मागे सरली. “मला नगा सांगू, सिस्टर. मी लेकुरवाळी न्हाई.”

सिस्टरांना मराठी उशिरा आली होती, पण हा शब्द त्यांना कळला.

“मी पण नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी बाळ काकूच्या हातात दिलं आणि स्वतः पाळण्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी आईकडे बघितलं. ती भावाच्या स्वेटरची कॉलर नीट करत होती. काकूने बाळ पाळण्याखालून पलीकडे दिलं. प्लास्टरचं बाळ, पण तिने त्याच्या मानेखाली हात धरला होता. मला रडू फुटलं. मग सिस्टरांनी कानात नाव सांगितलं आणि अख्खी नववी त्यांच्या पाठीवर तुटून पडली. त्या इतक्या हसल्या की डोक्यावरचं वस्त्र घसरलं.

आईने तो विषय कधी काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सिस्टरांची पुढे बदली झाली, बारसं मात्र चालू राहिलं, आणि काकू कामावर होती तोवर बाळ तिनेच पाळण्यात घातलं. नंतर नंतर तर ती नव्या फादरांना ऐकवायची, “देवाच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी, तुम्ही कालचे.” पण भांडगावात कुणाचं बारसं निघालं की तीच काकू मुकाट्याने चुलीपाशी जाऊन बसायची. मी भांडून बघितलं. तिने मलाच गप्प केलं.

यंदा माझ्या मुलाचं बारसं भांडगावला झालं. पाळण्याभोवती बायका जमल्या, पण आई कुठे दिसेना. बाळाला घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, तर आई काकूच्या हातातला डाव काढून घेत होती.

“अक्का, ऱ्हाऊ द्या ते. पाळण्यापाशी चला.”

काकू पातेल्याकडेच बघत म्हणाली, “बाया काय म्हणतील?”

“म्हणू द्या. समोर मी हाय.”

आईने गॅस बंद केला. काकूने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग माझ्याकडून बाळ घेतलं.

त्या गडबडीत घुगऱ्यांत मीठ घालायचं राहूनच गेलं. काकूच्या हातच्या घुगऱ्या पहिल्यांदाच अळणी झाल्या. भावकीतलं कुणी काही बोललं नाही. आईने दोन वाट्या खाल्ल्या.